वालचंद हिराचंद : मुळापासून घडवण्याचा ध्यास

बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे अशी गावे मागे टाकत उसाच्या फडांमधून पुढे जातो. जंक्शन या थांब्यापाशी त्याला एक फाटा फुटतो आणि तो वालचंदनगरला पोहोचतो. नाव एका माणसाचे, वस्ती एका कारखान्याची. साखरेसाठी वसलेल्या या गावाच्या कार्यशाळांतून पुढे देशोदेशीच्या साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बाहेर पडली, नौदलाच्या युद्धनौकांसाठी गिअरबॉक्स तयार झाले आणि ‘इस्रो’च्या पीएसएलव्ही, जीएसएलव्ही या प्रक्षेपकांच्या मोटरांची पोलादी आवरणेही घडली. ज्या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या आकाशाकडे डोळे लावून पावसाची वाट पाहिली गेली, तेथे हे कौशल्य आले कसे, याचे उत्तर शेठ वालचंद हिराचंद यांच्या आयुष्यात सापडते.

तयार वस्तू बाहेरून आणावी की ती आपल्याकडे मुळापासून घडवावी, हा प्रश्न वालचंदांनी जन्मभर वेगवेगळ्या रूपांत सोडवून पाहिला. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्यांना तो अनोळखी वाटू नये. एखादी प्रणालीची लायब्ररी तयार स्वरूपात उतरवून घेता येते, किंवा तिचा सोर्स कोड घेऊन ती आपल्याच यंत्रावर घडवता येते. पहिला मार्ग काही मिनिटांचा. दुसऱ्या मार्गावर आधी तपासावे लागते, की कंपायलर आहे का, ही लायब्ररी आणखी कोणत्या लायब्रऱ्यांवर विसंबून आहे आणि त्या उपलब्ध आहेत का. जे उणे असेल ते आधी घडवावे लागते. मग रूपांतर, मग चाचणी आणि शेवटी योग्य जागी स्थापना. एवढा खटाटोप करूनही वापरणाऱ्याच्या नजरेस ती लायब्ररी कधी पडत नाही. तिच्या आधारावर चालणारे प्रोग्राम तेवढे दिसतात. मात्र ज्याने ती घडवली, त्याला ती दुरुस्त करता येते आणि बदलताही येते. वालचंदांनी हा खटाटोप पोलाद, लाकूड आणि कोळसा यांच्या जगात केला.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, गुजराती भाषक दिगंबर जैन कुटुंबात झाला. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. सोलापुरात शालेय शिक्षण झाल्यावर ते मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकले. परंतु पदवीपर्यंत पोहोचण्याआधीच त्यांना घरच्या व्यवसायात लक्ष घालावे लागले. पेढीवरच्या व्यवहारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील नोकरी सोडून ठेकेदारीत उतरलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारी केली. बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावरील एका छोट्या ठेक्यापासून ‘फाटक-वालचंद’ या नावाची सुरुवात झाली. फाटकांना कामाची जाण होती, वालचंदांकडे भांडवल उभे करण्याची आणि जोखीम पत्करण्याची तयारी होती.

ठेकेदारीने वालचंदांना एक धडा दिला. मोठे काम हे अनेक लहान कामांचे बनलेले असते आणि त्यांपैकी एक जरी अडले तरी सारे थांबते. खडी, मजूर, अवजारे, वाहतूक, रोकड या प्रत्येकाची सोय आधी लागते. १९२०मध्ये टाटांच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईला पोहोचवणारी जलवाहिनी अशी कामे या कंपनीच्या खात्यावर जमा आहेत. मुंबई-पुणे प्रवासात आजही गाडी घाटातील बोगद्यांतून जाते, तेव्हा प्रवाशाला ठेकेदाराचे नाव ठाऊक नसते. पायाभूत कामाचे भाग्य बहुधा असेच असते.

पहिले महायुद्ध संपल्यावर वालचंदांची नजर समुद्राकडे वळली. भारताच्या किनाऱ्यावरील आणि परदेशी व्यापारावर ब्रिटिश जहाज कंपन्यांची जवळजवळ मक्तेदारी होती. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धकाळात रुग्णालय-जहाज म्हणून वापरलेली ‘लॉयल्टी’ ही आगबोट विक्रीस निघाली होती. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासह ती विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडच्या सफरीवर निघाली. हा दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

बोट मिळाली, पण तेवढ्याने जहाज व्यवसाय हाती आला नाही. माल मिळवणे, बंदरातील सोयी, विमा, दुरुस्ती या सर्व गोष्टी प्रस्थापित कंपन्यांच्या हाती होत्या. त्यांनी भाड्याचे दर एवढे खाली आणले, की नव्या कंपनीचा श्वास कोंडला जावा. अखेर १९२३मध्ये सिंदियाला करार करावा लागला आणि काही वर्षांपुरते आपले क्षेत्र मुख्यतः किनारी वाहतुकीपुरते मर्यादित ठेवावे लागले. कंपनी तगली, परंतु वालचंदांच्या ध्यानात आले, की दुसऱ्याने बांधलेली बोट विकत घेऊन आपण दुसऱ्याच्याच अटींवर चालतो. १९२९मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर ते सिंदियाचे अध्यक्ष झाले आणि १९५०पर्यंत त्या पदावर राहिले. या काळात जहाजे चालवण्याबरोबरच ती येथेच बांधण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही.

याच सुमारास इंदापूर तालुक्यातील कळंबच्या परिसरात त्यांचे दुसरे काम आकार घेत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात नीरा डावा कालवा बारामती आणि इंदापूरच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात आला होता. पाणी आले, पण त्या पाण्याचे पैशात रूपांतर करणारे पीक आणि त्या पिकावर प्रक्रिया करणारी व्यवस्था हवी होती. नाशिक जिल्ह्यातील रावळगावला वालचंदांनी १९२०च्या दशकात माळरान घेऊन उसाची शेती उभी केली होती. तोच प्रयोग त्यांनी मार्सलँड प्राइस या कंपनीमार्फत कळंबला मोठ्या प्रमाणावर केला. हजारो एकर जमीन लागवडीखाली आली. १९३२मध्ये सरकारने आयात साखरेविरुद्ध देशी उद्योगाला जकातीचे संरक्षण दिले, तेव्हा देशात जेमतेम तीसेक साखर कारखाने होते. अवघ्या चार-पाच वर्षांत ही संख्या शंभरापलीकडे गेली. वालचंदनगर आणि रावळगावचे कारखाने याच लाटेतले.

या लाटेत एक विसंगती होती. साखर देशी झाली, मात्र ती तयार करणारी यंत्रे बहुतांशी युरोपातून येत होती. उसाचा रस काढणारे चरक, रस तापवणारी आणि निवळणारी भांडी, तो आटवणारे बाष्पपात्रांचे संच, दाणा पाडणारे निर्वात कढे, मळी वेगळी करणारी फिरती यंत्रे, चिपाडावर चालणारे बॉयलर ही सारी साखळी एकमेकांवर अवलंबून असते. गळीत हंगाम काही महिन्यांचाच. ऐन हंगामात चरकाचा एखादा रूळ तडकला, तर फडात तोडलेला ऊस वाळू लागतो, त्यातील साखर घटू लागते आणि शेतकरी, तोडकरी, गाडीवान सारेच खोळंबतात. सुटा भाग जहाजाने येईपर्यंत हंगाम सरण्याची धास्ती. त्यामुळे शहरापासून दूर असलेल्या कारखान्याला स्वतःची ओतशाला, स्वतःचे लेथ आणि स्वतःचे कुशल कारागीर हवेच असतात. दुरुस्तीसाठी यंत्र उघडणारा माणूस हळूहळू ते यंत्र समजू लागतो, समजलेला भाग ओतू लागतो आणि एक दिवस पूर्ण यंत्र जुळवू शकतो. वालचंदनगरच्या यंत्रकौशल्याचे बीज या गरजेत होते. सातारा रोड येथील कूपर इंजिनीअरिंगचा कारखानाही पुढे वालचंदांच्या समूहात आला. नांगर आणि डिझेल इंजिने घडवणारी ही जागा त्याच विचाराशी जुळणारी होती.

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात वालचंदांच्या मनात मोटार, विमान आणि जहाज हे तिन्ही उद्योग एकाच वेळी घोळत होते. मोटारीचा आराखडा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तयार केला होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवणारे विश्वेश्वरय्या १९३५मध्ये युरोप-अमेरिकेतील मोटार कारखाने पाहून आले होते. मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने योजनेस अनुकूलता दाखवली. केंद्रातील ब्रिटिश सरकारने मात्र साथ दिली नाही. महायुद्ध सुरू झाल्यावर तर मोटार कारखाना ही युद्धासाठी निकडीची बाब नाही, अशी भूमिका घेतली गेली. अमेरिकेत फोर्डशी बोलणी फळली नाहीत. क्रायस्लर कंपनीशी करार झाला, पण कारखाना प्रत्यक्षात यायला युद्ध संपावे लागले.

विमानाची गोष्ट वेगळी घडली. १९३९च्या अमेरिका दौऱ्यातील प्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान उद्योजकाशी गाठ पडली. युद्धाच्या छायेत सरकारलाही आशियात विमानाची सोय हवी होती. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१मध्येच अमेरिकेहून आणलेल्या भागांची जुळवणी करून हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान उडवले गेले. मात्र जपान युद्धात उतरल्यानंतर सरकारला कारखान्यावर पूर्ण नियंत्रण हवे होते. १९४२मध्ये वालचंदांचा हिस्सा सरकारने विकत घेतला. दीड वर्षाच्या आत आपणच रोवलेल्या रोपट्यापासून ते दूर झाले.

तेथे पुढे जे घडले ते वालचंदांच्या विचाराला पुष्टी देणारे ठरले. जुळवणीच्या त्या जागी युद्धकाळात विमानांची दुरुस्ती झाली, दुरुस्तीतून जाण वाढली आणि कोल्हापूर परिसरातून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे संपूर्ण भारतीय आरेखनाचे प्रशिक्षण विमान १९५१मध्ये आकाशात झेपावले. परक्या भागांच्या जुळवणीपासून स्वतःच्या आरेखनापर्यंत हे अंतर दहा वर्षांत कापले गेले. हीच कंपनी १९६४पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणून ओळखली जाऊ लागली.

जहाजबांधणीसाठी सिंदियाने विशाखापट्टणमची निवड केली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते गोदीची पायाभरणी झाली. पुढील वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले आणि काम विस्कळीत झाले. पोलादी पत्रे दुर्मीळ, मोठ्या जहाजाचे इंजिन देशात बनत नव्हते, अनुभवी कारागीर मोजके. तरीही १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत ‘जलउषा’ पाण्यात उतरली. ‘लॉयल्टी’ विकत घेतल्याला तेव्हा २९ वर्षे झाली होती. विकत घेतलेल्या जुन्या बोटीपासून आपल्या गोदीत बांधलेल्या नव्या जहाजापर्यंतचा तो प्रवास होता. या गोदीचा भारही खासगी कंपनीला पेलवेना. १९५२मध्ये सरकारने तिच्यातील मोठा हिस्सा घेतला आणि हिंदुस्थान शिपयार्ड अस्तित्वात आले.

मोटारीसाठी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली आणि मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९४७मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. या गाड्या क्रायस्लरच्या होत्या. भाग बाहेरून येत आणि येथे जोडले जात. मुंबईतच जनरल मोटर्स १९२८पासून हेच काम करत होती. वालचंदांना यात समाधान नव्हते. जुळवणी ही पायरी, मुक्काम नव्हे, अशा धारणेतून प्रीमियरने एकेक सुटा भाग येथे घडवण्यास प्रारंभ केला. १९५३मध्ये जकात आयोगाच्या शिफारशींनंतर, सुटे भाग देशात बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना जागा उरली नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली.

ही सर्व वाटचाल निष्कलंक होती, असे म्हणता येणार नाही. ब्रिटिश सत्तेवर टीका करणारे वालचंद सरकारी ठेक्यांवरच मोठे झाले. स्वदेशीच्या नावाने त्यांनी सरकारी मदत आणि संरक्षण यांचा सतत पाठपुरावा केला. इंदापूरच्या मातीत तर या कहाणीची आणखी एक बाजू आहे. खासगी साखर कारखान्यांनी कालव्याकाठच्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाच्या ताब्यात आल्या. मूळ मालक असलेले खंडकरी शेतकरी मात्र हात चोळत राहिले. अनेक दशकांच्या लढ्यानंतर, २०१०च्या दशकात त्यांच्या पदरात जमिनी पडू लागल्या. मोठ्या उभारणीचा पाया ज्यांच्या जमिनीवर घातला गेला, त्यांच्या दोन पिढ्यांनी ही किंमत मोजली. वालचंदनगरचा इतिहास त्यांना वगळून पुरा होत नाही.

१९४९मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्याच वर्षी ते व्यवसायातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरच्या दिवसांत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. समूहाची धुरा त्यांचे बंधू लालचंद आणि कुटुंबीयांकडे गेली. सांगलीतील अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या नावाशी जोडलेल्या झळाळत्या गोष्टींचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. विमान कारखाना आणि जहाजाची गोदी सरकारकडे गेली. सिंदियाची जहाजे विसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रावरून दिसेनाशी झाली. प्रीमियरची पद्मिनी मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत पोहोचली. तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. लोकांनी पाहिले, वापरले आणि मिरवले ते बहुतेक सारे काळाच्या ओघात सरले किंवा दुसऱ्याच्या हाती गेले.

टिकली ती दृष्टीआड असलेली कार्यशाळा. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखान्यांची चळवळ सुरू झाली. बारामती आणि इंदापूरच्या पट्ट्यातही माळेगाव, भवानीनगर येथे शेतकऱ्यांच्या मालकीचे कारखाने उभे राहिले. परदेशी चलन दुर्मीळ असलेल्या त्या काळात यंत्रसामग्री देशात मिळणे ही या चळवळीची निकड होती. वालचंदनगरने चरकापासून बॉयलरपर्यंत साखर कारखान्याची यंत्रे घडवली, ती दूरदूरच्या गावी नेऊन उभी केली आणि पहिले पोते बाहेर पडेपर्यंत चाचण्या घेतल्या. यंत्र घडवणे हे अर्धे काम. परक्या जागी, तेथील पाणी, तेथील ऊस आणि तेथील माणसे यांच्याशी जुळवून ते चालते करणे हे उरलेले अर्धे. आफ्रिका आणि आग्नेय आशियातील देशांतही येथील यंत्रे गेली. पुढे सिमेंट कारखाने, नौदल, अणुऊर्जा आणि १९७०च्या दशकापासून अंतराळ कार्यक्रम यांच्यासाठी हेच हात काम करू लागले. जाड पोलादी पत्रा वाकवून तो बिनचूक जोडण्याची विद्या साखरेच्या कढ्यासाठी जशी लागते, तशीच प्रक्षेपकाच्या आवरणासाठीही लागते. फरक अचूकतेच्या काट्याचा.

आज सॉफ्टवेअर असो वा सेमीकंडक्टर, तयार घ्यावे की मुळापासून घडवावे, हा प्रश्न नव्या शब्दांत पुन्हा विचारला जातो. तयार घेणे स्वस्त आणि जलद असते. अनेकदा शहाणपणाचेही असते. पण पुरवठादाराने दर बदलला, वाट अडवली किंवा पाठ फिरवली, की ज्याला मूळ ठाऊक आहे तोच सावरतो. वालचंदांना ‘लॉयल्टी’च्या अनुभवाने हे शिकवले आणि इंदापूरच्या कारखान्याने ते सिद्ध केले. जंक्शनवरून वळणाऱ्या त्या फाट्यावर, उसाच्या गाड्यांच्या रांगेत एखादा अवजड ट्रेलर ताडपत्रीने झाकलेला पोलादी भाग घेऊन हळूहळू हमरस्त्याला लागतो. आत काय आहे, हे रस्त्यावरच्या माणसाला बहुधा कळत नाही. ते कोठे घडले, एवढे मात्र इंदापूर तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही सांगता येते.